बिनबिल्ल्याच्या सायकलीचा विमा

दिवाळीला घरात एखादी नवी वस्तू यावी, असा आम्हां मध्यमवर्गीयांचा अलिखित नियम आहे. वडिलांच्या लहानपणी रेडिओ आला, तेव्हा सारी आळी तो ऐकायला जमली होती म्हणतात. आमच्या लहानपणी फ्रिज आला आणि शेजारीपाजारी आठवडाभर बर्फ वाटला गेला. यंदा आमच्या घरी विजेवर चालणारी डोंगरी सायकल आली आहे. ती माझी नव्हे, हे वाचकांच्या काळजीपोटी आधीच सांगून टाकतो. मराठीच्या प्राध्यापकाला टेकडी चढायचीच असेल, तर तो पायी चढतो आणि धाप लागली की सृष्टिसौंदर्य पाहण्याच्या निमित्ताने दगडावर बसतो. सायकल माझ्या पुतण्याची. गेल्या वर्षी तो नोकरीला लागला आणि पहिला बोनस हातात पडताच त्याने ही ऐंशी हजारांची खरेदी केली. रविवारी पहाटे सिंहगडाचा घाट चढायचा आणि एरवी सवड मिळेल तेव्हा टेकड्यांच्या पायवाटा धुंडाळायच्या, असा स्वारीचा बेत आहे.

दिसायला सायकल मोठी झोकदार. जाड, खाचाखाचांची टायरे, पुढच्या चाकाला धक्के गिळणारी नळी आणि मधल्या दांड्यात बसवलेली बॅटरी. पायडल मारले की मोटर हातभार लावते, पायडल थांबले की तीही थांबते. आयुष्यभर अशी सहचारिणी लाभावी, असे मी म्हणालो. सौभाग्यवतींनी ते ऐकले नसावे, अशी आशा आहे.

पण मला बोलावणे आले होते ते सायकल पाहायला नव्हे. पुतण्या म्हणाला, "काका, हिचा विमा उतरवायचाय. दोन-तीन कंपन्यांचे कागद आणलेत. तुम्ही शब्दांची माणसे, जरा वाचून सांगा." कागद अर्थातच इंग्रजीत होते. परंतु विम्याचे इंग्रजी हे इंग्रजीच्या प्राध्यापकालाही परकेच असते, असा माझा जुना समज असल्यामुळे मी भीड न बाळगता ते हाती घेतले. खरा जाणकार शेजारच्या खुर्चीत बसला होता. आमच्या सौ.चे मामा तीस वर्षे विम्याच्या नुकसानीची पाहणी करीत हिंडले आणि आता निवृत्त होऊन नातेवाइकांच्या नुकसानीची पाहणी करतात.

मामा म्हणाले, "जावईबापू, कागद नंतर वाचा. आधी पोराला विचारा, तुला भीती कशाची वाटते?"

मला हा प्रश्न भाषेच्या अंगानेही आवडला. फारसीत 'बीम' म्हणजे भीती, आणि आपल्या विम्याचे नाते त्या शब्दाशी सांगतात. आपली जुनी माणसे तर दागिन्यांनाच जोखीम म्हणत. अंगावर जोखीम घालून रात्रीचा प्रवास करू नये, असे आजी बजावीत असे. मौल्यवान वस्तू आणि तिच्यापायी येणारा धोका या दोहोंना एकच शब्द पुरला, यात केवढा व्यवहार आहे!

पुतण्याने उत्तर द्यायला क्षणही लावला नाही. "चोरीची!" सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त माझ्या वहिनी, म्हणजे त्याची आई, काही बोलल्या नाहीत. त्या चकल्यांचे पीठ मळीत होत्या.

चोरीकडे वळण्याआधी मामांनी कायद्याची एक गोष्ट पक्की करून घेतली. एके काळी साध्या सायकलीलाही नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. बिल्ला नसला की शिपाई अडवी. आज या ऐंशी हजारांच्या वाहनाला मात्र ना बिल्ला, ना नंबर, ना चालवणाऱ्याला परवाना. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांत अशा सायकलीला सूट दिलेली आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत मोटरने आपला हात आखडता घेत घेत बंद पडले पाहिजे, आणि पायडल थांबवले तर त्याआधीच. पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक हवा. हे सारे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असले, म्हणजे ती सायकल मोटार वाहन गणली जात नाही. अशा चाचण्या करणारी एक संस्था, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, आमच्या पुण्यातच वेताळ टेकडीच्या अंगावर बसलेली आहे. लोक त्या बाजूला सरळ एआरएआय टेकडी म्हणतात. सायकलीचा कायदा आणि सायकलीची पायवाट अशी एकाच डोंगरावर नांदतात.

मोटार वाहन नाही, म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम लागू नाही. तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती नाही. पुतण्याचा चेहरा खुलला. मामा म्हणाले, "स्कूटरवाल्याला सरकार विमा घ्यायला लावते. त्याने कोणाला ठोकरले तर पैसे द्यायला कंपनी असते. तू कोणाला ठोकरलेस, तर कोण आहे?" पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी कागदात डोके घातले.

येथे एक गोष्ट कानावर घालून ठेवतो, कारण घरोघरी तरुण मुले आहेत. या सायकलींचा वेगाचा लगाम काढून देणारे मेकॅनिक भेटतात. मग ती २५ वर न थांबता सुसाट जाते. लगाम काढल्या क्षणी तिची सूट संपते आणि ती नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन होते. विमा नसल्याचा दंड पहिल्या खेपेस २,००० रुपये, पुढल्या खेपेस ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद कायद्यात आहे. शिवाय सायकल म्हणून घेतलेला विमा तिच्यासाठी मागायला गेलात, तर कंपनी म्हणणार की आम्ही सायकलीचा विमा उतरवला होता, हिचा नव्हे. आणि तिचे म्हणणे खोडून काढणे कठीण.

आता चोरी. आमच्या घराला विमा आहेच, त्यात सायकल येणार नाही का, असे सौ.ने विचारले. प्रश्न रास्त होता. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाची ठरावीक घरगुती पॉलिसी निघाली आहे. आग, पूर, भूकंप, दंगल अशा संकटांत घराचे आणि घरातल्या चीजवस्तूंचे नुकसान ती भरून देते. घराबरोबर सामानही इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप धरले जाते. पॉलिसी चांगली आहे. पण तिच्यात चोरी येते ती फक्त अशा संकटामुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. म्हणजे घराला आग लागली आणि त्या धांदलीत कोणी सायकल लांबवली, तर भरपाई. स्वस्थचित्त चोराने शांतपणे नेली, तर नाही.

दुसऱ्या कागदात घरफोडीचे कलम होते. पुतण्या म्हणाला, "हे घ्या, चोरी!" मी म्हणालो, "अरे, चोरी आणि घरफोडी हे दोन शब्द आहेत." एरवी वर्गात असे म्हटले की मुले घड्याळाकडे पाहतात, पण मामांनी टाळी दिली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच वाद आला होता, युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी विरुद्ध हरचंद राय चंदनलाल. व्यापाऱ्याचा माल चोरीस गेला होता यात वाद नव्हता. वाद होता तो आत शिरताना चोराने बळ वापरले होते की नाही याचा. पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीने आत शिरून केलेली चोरी अशी होती. न्यायालयाने म्हटले की पॉलिसीत जी व्याख्या लिहिली आहे, तीच धरायची. आपल्या मनातली नव्हे. व्यापाऱ्याला भरपाई मिळाली नाही.

आता आमच्या सोसायटीचे पाहा. सायकल राहणार तळमजल्यावर, खांबांमधल्या पार्किंगमध्ये. फाटक दिवसभर सताड उघडे, आणि रखवालदार फाटकापेक्षा मोबाईलची राखण अधिक करतो. चोर साखळी कापील, पण आत शिरायला त्याला काही फोडावे लागणार नाही. शिवाय पार्किंग म्हणजे 'घर' का, हाही प्रश्नच. आणि सिंहगडाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीबाहेर टेकवलेली सायकल गेली, तर घरफोडीचा संबंधच कोठे येतो? तेव्हा सायकलीच्या विम्यात 'चोरी' हा साधा शब्द हवा, तो घराबाहेरही लागू हवा, आणि कुलूप कसले व कशाला लावलेले असावे हे स्पष्ट हवे. इंग्लंडात विमेवाले कुलपाची प्रतवारीच मागतात. 'सोल्ड सिक्युअर' नावाची संस्था कुलपांना कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा असे दर्जे देते. आपल्याकडे इतके नसले, तरी तीनशे रुपयांच्या तारेच्या कुलपावर ऐंशी हजारांची मागणी केली, तर पाहणीला येणाऱ्या माणसाच्या भुवया वर जातात. मामांच्या गेल्या असत्या, असे ते स्वतःच म्हणाले.

सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या घरगुती पॅकेज पॉलिसीत आणखी एक कलम दडलेले असते, त्याकडे आजकाल कोणी पाहत नाही. 'पेडल सायकल' असे त्याचे नाव. सायकलीची चोरी, अपघाती मोडतोड, आणि तिच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची देणगत, हे सारे एकाच कलमात. सायकल ही मध्यमवर्गाची इस्टेट होती त्या काळाची ही खूण असावी. पण त्या कलमाला मोटर असलेली सायकल चालते का? कायदा तिला सायकल म्हणतो. पॉलिसी काय म्हणते हे पॉलिसीलाच विचारले पाहिजे. खासगी कंपन्या निव्वळ सायकलीसाठी वेगळ्या पॉलिसी काढतात, त्यांनाही हाच प्रश्न.

किमतीच्या बाबतीत फार खोलात जात नाही. ठरवायचे ते इतकेच की सायकल गेल्यावर नव्या सायकलीची किंमत मिळणार की झीज वजा करून त्या दिवशीचा बाजारभाव. दोन वर्षे डोंगर चढलेल्या सायकलीत हा फरक मोठा असतो. प्रत्येक मागणीतून आधी किती रक्कम कापली जाणार, तेही पाहावे; लहानसहान मोडतोड त्या वजावटीतच संपते, आणि तिच्यासाठी हप्ता भरण्यात अर्थ नाही. बॅटरी हा सायकलीचा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. ती चोरीस गेली तर विमा बोलेल, वापराने मंदावली तर बोलणार नाही. झीज ही कोणत्याच विम्यात दुर्घटना नसते. त्यासाठी विक्रेत्याची हमी तपासायची. आणि हो, सायकलीला नंबर नसला तरी सांगाड्याच्या तळाशी, पायडलांच्या आसाजवळ, एक क्रमांक कोरलेला असतो. बिल्ला गेला, आता तीच तिची जन्मपत्रिका. तो क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, त्याचा फोटो काढून ठेवावा. पोलिसांत फिर्याद देताना याखेरीज सायकल आपली हे सांगायला दुसरे काय आहे?

एवढे झाल्यावर पुतण्या निघायच्या बेतात होता. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "चोरीचं झालं. हा पडला तर?"

खोलीत कोणी बोलले नाही. माझा भाऊ जाऊन सहा वर्षे झाली. पुतण्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते त्याच्या पगारातून जातात, घरही त्यावरच चालते. सिंहगडाचा घाट चढायला मोटर आहे; उतरायला फक्त ब्रेक आहेत. ऐंशी हजारांच्या वस्तूभोवती आम्ही सगळे दोन तास बसलो होतो, आणि तिच्यावर बसणाऱ्याचा कागद कोणी काढलाच नव्हता.

मामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आधी बोलायला हवे होते." मग नव्याने हिशेब सुरू झाला. सायकल गेली तर घराचे ऐंशी हजार जातात. वाईट वाटेल, पण घर चालते. मुलगा सहा महिने अंथरुणाला खिळला, तर घर चालत नाही. आणि वळणावर एखादे फिरायला निघालेले आजोबा आडवे आले, त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेची भाषा लाखांची असते. ते दिवाणी दावा लावू शकतात आणि देणे पुतण्याच्या पगारावर येते. तेव्हा हप्त्याचा रुपया आधी या दोन ठिकाणी जायला हवा, उरला तर सायकलीकडे.

पडण्याच्या बाबतीत सर्वांत स्वस्त गोष्ट त्याच्या बँकेच्या खात्यातच होती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली वर्षाला १२ रुपयांत सुरू झाली. १ जून २०२२ पासून तिचा हप्ता २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास १ लाख. वीस रुपयांत हल्ली एक वडापावही धड येत नाही. पण तिच्यात बरे होणाऱ्या माणसाला, म्हणजे तीन महिने प्लॅस्टरमध्ये असणाऱ्याला, काही मिळत नाही. त्यासाठी अपघाताची वेगळी पॉलिसी हवी. 'सरल सुरक्षा बीमा' नावाची ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांकडे आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. मृत्यू आणि कायमचे अपंगत्व तिच्यात असतेच. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला रक्कम देणारे कलम मात्र जादा पैसे भरून मागून घ्यावे लागते. पगारावर चालणाऱ्या घराला माझ्या मते ते कलम सर्वांत मोलाचे, आणि फॉर्मवरच्या त्याच चौकोनात खूण करायची बहुतेकांची राहते.

दवाखान्याचा खर्च आरोग्य विम्यातून यायचा. तिथे पुतण्याच्या मित्रांनी त्याला घाबरवून ठेवले होते की डोंगरातली सायकल म्हणजे साहसी खेळ, आणि साहसी खेळ विम्यात बसत नाहीत. मी ते कलम काढून वाचले. साहसी व धोक्याच्या खेळांत व्यावसायिक खेळाडू म्हणून भाग घेतल्यामुळे लागलेले उपचार वगळले आहेत, असा त्याचा अर्थ निघतो. सगळे त्या 'व्यावसायिक' शब्दात आहे! रविवारी हौसेने घाट चढणारा पोरगा व्यावसायिक कसा होईल? आरोग्य विम्यात हे कलम सर्व कंपन्यांना एकाच साच्यात दिलेले आहे. अपघाताच्या आणि सायकलीच्या पॉलिसींत मात्र साचा बदलू शकतो, कोठे शर्यत वगळतात, कोठे सरावसुद्धा. वाचल्याखेरीज सही नाही.

राहिले ते आजोबांचे हाड. पुतण्याचा एक वर्गमित्र जर्मनीत शिकायला आहे. तिथेही २५ किलोमीटरवर मोटर थांबणारी सायकल ही सायकलच, पण पुष्कळ घरांत खासगी जबाबदारीचा विमा असतो आणि सायकलीवरून कोणाला इजा झाली तर तोच उपयोगी पडतो. ४५ पर्यंत धावणाऱ्या सायकलींना मात्र विम्याची लहानशी पाटी सक्तीची; दर १ मार्चला पाटीचा रंग बदलतो, त्यामुळे जुना विमा लांबूनच ओळखू येतो. आमच्या जुन्या बिल्ल्याचीच ही सुधारलेली मावसबहीण. आपल्याकडे असा वेगळा विमा सामान्य माणसाच्या दारात कोणी आणून विकत नाही. तो सायकलीच्या किंवा घराच्या पॉलिसीत एक कलम म्हणून येतो, आणि त्याची मर्यादा किती हा आकडा बारीक अक्षरांत असतो. तो काही हजारांत असेल, तर आजोबांच्या क्ष-किरण तपासणीपुरताच. मर्यादा वाढवून मिळते का, हे विचारावे आणि मिळत असेल तर त्यासाठी खुशाल जादा हप्ता द्यावा.

शेवटी मामांनी मजकूर सांगितला, मी तो नीट मांडला आणि पुतण्याने दोन कंपन्यांना ई-मेलने पाठवला. २५० वॉटच्या आतली, नोंदणीतून सूट असलेली सायकल तुमच्या 'सायकल' या शब्दात येते का? सोसायटीच्या पार्किंगमधून किंवा बाहेरून, काही न फोडता झालेली चोरी धरली जाते का? कच्च्या पायवाटेवर झालेला अपघात, स्वतःचा आणि दुसऱ्याचा, धरला जातो का, आणि किती रकमेपर्यंत? एजंटने फोनवर "सगळं कव्हर आहे सर" असे सांगितले होतेच. पण मामांच्या अनुभवात मागणीच्या दिवशी तो फोन कोणालाच आठवत नाही.

अपघाताच्या पॉलिसीचा हप्ता त्याच संध्याकाळी भरला, साप्ताहिक रकमेच्या कलमासह. हप्ता पोचल्याखेरीज कंपनी जोखीम उचलत नाही, असे १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमात आहे, आणि वहिनींनी पावती दाखवल्याशिवाय सायकलीची किल्ली द्यायची नाही असे ठरवले होते. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या.

पत्रांची उत्तरे आठवड्याने आली. एका कंपनीने पहिल्या दोन प्रश्नांना स्वच्छ होकार दिला आहे. पायवाटेबद्दल मात्र दोघींनीही 'पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार' एवढेच लिहिले आहे. मामांनी दुसरे पत्र सांगायला घेतले आहे आणि उत्तर येईपर्यंत पुतण्याने डांबरी रस्ता सोडायचा नाही, असे फर्मान काढले आहे. डांबरी रस्त्यासाठी डोंगरी सायकल कशाला घेतली, असे तो पुटपुटतो. वहिनी म्हणतात, सिंहगडापर्यंत डांबर आहे.